पदवी नाशिकची, सनद लंडनची की न्यूयॉर्कची?

वाचकाचे पत्र, संक्षेपाने:

मी नाशिकची, वय २८. बी.कॉम. झाल्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून तीन वर्षांचे एलएल.बी. केले. महाविद्यालय सकाळच्या सत्रात भरत असे आणि दुपारी मी एका सीएंच्या कार्यालयात काम करीत असे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घेतली, ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण झाले आणि गेली दोन वर्षे जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे दिवाणी दावे आणि जमिनीची प्रकरणे पाहते. मागील वर्षी लग्न झाले. पती सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. कंपनी त्यांना लंडन किंवा न्यू जर्सी येथे पाठवणार असून निवड बहुधा आमच्यावर सोडली जाईल. मला तिकडेही वकिलीच करायची आहे. एका शिक्षण सल्लागाराने सांगितले, की अमेरिकेत एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केल्याशिवाय न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेची परीक्षा, देताच येत नाही आणि एलएल.एम. झाले की पुढचा मार्ग मोकळा. खर्च ६५ लाख; तेवढे जमत नसेल तर घरबसल्या ऑनलाइन एलएल.एम. २० लाखांत. बाबा गंगापूर रोडचा प्लॉट तारण ठेवायला तयार आहेत. टोरांटोला असलेला मामेभाऊ म्हणतो, कॅनडा सोपा. बारावीतली धाकटी बहीण म्हणते, मी एलएल.बी.च इंग्लंडला करते, म्हणजे ही कटकटच नको. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

प्लॉटच्या कागदांना इतक्यात हात लावू नका. सल्लागाराने तुम्हाला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली तुमच्या बाबतीत चुकीची असण्याची दाट शक्यता आहे आणि दुसरी तर निश्चितच चुकीची आहे. ज्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे गाजर त्याने पुढे केले आहे, तो न्यूयॉर्कच्या परीक्षेची पात्रता मिळवण्यासाठी काहीच कामाचा नाही. हे तिन्ही मुद्दे पुढे सविस्तर घेतो. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी, की परदेशात वकिली करण्यासाठी तीन निरनिराळ्या दारांतून जावे लागते आणि तिन्ही दारांवरचे पहारेकरी वेगळे आहेत. पदवी विद्यापीठ देते, सनद त्या देशातील किंवा राज्यातील वकिलांची नियामक संस्था देते आणि काम करून पगार घेण्याची मुभा तिथले इमिग्रेशन खाते देते. एकाने दिलेल्या होकाराने दुसरा बांधला जात नाही. शिक्षण सल्लागाराचे उत्पन्न पहिल्या दारावर अवलंबून असल्यामुळे तो तेच दार सर्वांत मोठे करून दाखवतो. तुम्ही मात्र उलट्या क्रमाने विचार करावा, म्हणजे आधी व्हिसा, मग सनद आणि अगदीच गरज पडली तर शेवटी पदवी.

पदवी आणि सनद यांच्यातले अंतर किती असू शकते, याचे उदाहरण तुमच्याच गावचे आहे. १८६६ मध्ये नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल.ची, म्हणजे कायद्याच्या पदवीची, परीक्षा दिली, जी तोपर्यंत कोणाही स्त्रीने दिली नव्हती. परंतु स्त्रियांना वकिलीची दारे इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने आणि हिंदुस्थानात १९२३ च्या कायद्याने उघडली, त्यामुळे परीक्षा देऊन तीन दशके त्यांना बॅरिस्टर म्हणून उभे राहता आले नाही. आज तशी बंदी नाही, पण पदवी म्हणजे परवाना नव्हे, ही व्यवस्था तशीच आहे.

प्रथम न्यूयॉर्क पाहू, कारण तुमच्या पत्राचा बहुतेक भाग त्याविषयी आहे. तेथे परदेशी पदवीधराची पात्रता न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, केलेल्या नियम ५२०.६ नुसार ठरते आणि ती तपासण्याचे काम बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स करते. बोर्ड प्रामुख्याने दोन कसोट्या लावते. तुमच्या कायद्याच्या शिक्षणाचा कालावधी अमेरिकेतील तीन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या तोडीचा आहे का, ही पहिली. आणि तुम्ही शिकलात त्या देशाची न्यायव्यवस्था इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या इंग्लिश कायदापद्धतीवर, आधारलेली आहे का, ही दुसरी. भारत कॉमन लॉ देश असल्यामुळे दुसरी कसोटी भारतीय पदवीधराला सहसा अडवत नाही. पहिल्या कसोटीवरही तीन वर्षांचा नियमित एलएल.बी. अभ्यासक्रम बसू शकतो, आणि दोन्ही कसोट्या पार झाल्या तर कोणतेही एलएल.एम. न करता थेट परीक्षेला बसता येते. दोहोंपैकी एकीत उणीव निघाली, तरच ती भरून काढण्यासाठी एलएल.एम.चा उपाय नियमात ठेवलेला आहे. थोडक्यात, सल्लागाराने औषधालाच प्रवेशपत्र करून टाकले आहे.

तुमच्या बाबतीत शंकेला एकच जागा दिसते, ती म्हणजे सकाळचे सत्र आणि दुपारची नोकरी. आपल्याकडे अनेक विधी महाविद्यालये सकाळी भरतात आणि तो अभ्यासक्रम नियमितच असतो, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. अल्बनीतील बोर्डाच्या कार्यालयात फाइल चाळणाऱ्या अधिकाऱ्याला ते ठाऊक असेलच असे धरून चालू नये. म्हणून महाविद्यालयाकडून लेटरहेडवर असे पत्र घ्यावे, की अभ्यासक्रम बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेला, नियमित आणि प्रत्यक्ष हजेरीचा होता, आणि शक्य असल्यास त्यात आठवड्याच्या तासिकांची संख्याही नमूद करून घ्यावी. हे पत्र मिळवायला तुम्हाला कार्यालयीन अधीक्षकांच्या टेबलापाशी दोन-तीन खेपा घालाव्या लागतील, पण तुमच्या सगळ्या अर्जात याच्याइतका स्वस्त आणि मोलाचा कागद दुसरा नसेल.

आता करायचे ते असे, की बोर्डाच्या संकेतस्थळावर परदेशी शिक्षणाच्या मूल्यमापनाचा जो अर्ज आहे तो आत्ताच भरावा. गुणपत्रके, पदवी, सनदेचा पुरावा आणि शिक्षणसंस्थेच्या मान्यतेचा पुरावा त्यासोबत लागतो, आणि गुणपत्रकांची अधिकृत प्रत विद्यापीठाकडून परस्पर जावी लागते. तुम्ही स्वतः साक्षांकित करून पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. उत्तराला काही महिने लागतात. परंतु ते उत्तर लेखी असते आणि ते त्याच संस्थेचे असते जिच्या शब्दाला किंमत आहे. उत्तरात उणीव दाखवली, तरच एलएल.एम.चा प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हाही कोणतेही एलएल.एम. चालत नाही. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमध्ये, अमेरिकेच्या भूमीवर, वर्गात बसून किमान २४ क्रेडिट पुरे करावे लागतात. त्यात व्यावसायिक नीती, कायदेविषयक संशोधन व लेखन आणि अमेरिकी कायद्याची ओळख या विषयांचे प्रत्येकी किमान दोन क्रेडिट आणि बार परीक्षेतील विषयांचे किमान सहा क्रेडिट असावे लागतात. नाशिकमध्ये लॅपटॉपसमोर बसून केलेल्या पदवीने यातले काहीच साधत नाही, मग ती २० लाखांची असो वा दोन लाखांची.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो, कारण लग्न झालेल्या महाराष्ट्रीय मुलींच्या बाबतीत ती हमखास येते. तुमच्या गुणपत्रकावर आधी माहेरचे आडनाव, मग तुमचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असेल आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असेल. सनदेवर कदाचित वडिलांचे नाव मधे असेल. आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव असेल. आपल्या कारकुनाला हे तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे नजरेने कळते, परदेशी संगणकाला कळत नाही, आणि परीक्षा केंद्राच्या दारात पासपोर्टवरील नाव व नोंदणीतील नाव जुळले नाही तर भरलेली फी बुडते. यावर उपाय म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदलाची प्रसिद्धी आणि त्या आधारे बार कौन्सिलच्या नोंदीत करून घेतलेली दुरुस्ती. तुम्ही अजून पासपोर्टवर नाव बदललेले नसेल, तर माझे मत विचाराल तर बदलूच नका. सासरी कोणाला वाईट वाटणार असेल, तर कारण म्हणून हे उत्तर दाखवावे.

पात्रता मिळाल्यावरचा न्यूयॉर्कचा मार्गही लहान नाही. फेब्रुवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा, दोन दिवसांची युनिफॉर्म बार परीक्षा होते. तीत २०० बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंधवजा उत्तरे आणि दोन कार्यप्रश्न असतात, आणि ४०० पैकी २६६ गुण मिळवावे लागतात. परदेशी पदवीधरासाठी अर्जाची फी ७५० डॉलर आहे. व्यावसायिक नीतीची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्यावरील ऑनलाइन अभ्यासक्रम व त्यावरची परीक्षा आणि ५० तासांचे विनामोबदला कायदेविषयक काम, हे सारे त्याशिवाय. हे ५० तास अमेरिकेबाहेरही भरता येतात, मात्र काम योग्य देखरेखीखाली झालेले असावे लागते, त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मानधन न घेता केलेल्या कामाची नीट नोंद ठेवली असेल तर ती जपून ठेवा. व्यावसायिक कौशल्याचीही एक अट आहे, आणि इथे तुमची दोन वर्षांची ज्युनिअरशिप कामी येते, कारण परदेशात सनद घेतल्यानंतर किमान एक वर्ष पूर्णवेळ वकिली केलेली असेल तर ती अट त्यावर भागते. शेवटी चारित्र्य आणि योग्यतेची तपासणी होते, तीत तुम्ही कायद्याचे काम जिथे जिथे केले त्या प्रत्येक ठिकाणाचे प्रतिज्ञापत्र मागतात. तेव्हा तुमच्या सीनियरांशी संबंध गोड ठेवूनच नाशिक सोडावे. न्यूयॉर्क २०२८ च्या जुलैपासून नव्या स्वरूपाची, नेक्स्टजेन म्हणून ओळखली जाणारी परीक्षा घेणार आहे, त्यामुळे जुन्या परीक्षेची पुस्तके आज मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही राहणार न्यू जर्सीत आणि सनद घेणार न्यूयॉर्कची, तर ती सनद हडसन नदीपलीकडच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या, न्यायालयांत चालत नाही. आपल्याकडे अॅडव्होकेट्स अॅक्टचे कलम ३० जून २०११ मध्ये लागू झाल्यापासून महाराष्ट्र-गोव्याची सनद घेतलेला वकील देशातील कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे दार वेगळे आणि किल्लीही वेगळी.

खरी मेख मात्र व्हिसात आहे. पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेले, तर तुम्ही पत्नी म्हणून एच-४ वर जाल, आणि त्या व्हिसावर शिकता येते पण पतीची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचेपर्यंत नोकरी करता येत नाही. कंपनीने त्यांना अंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसावर पाठवले, तर तुम्ही एल-२ वर जाल आणि तुम्हाला काम करता येईल. एक अक्षर आणि एक आकडा बदलला की तुमची पुढची पाच-सात वर्षे बदलतात. हा प्रश्न पतीच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावा आणि उत्तरही ईमेलनेच घ्यावे. तुम्ही स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एलएल.एम.ला गेलात, तर पदवीनंतर साधारण एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. त्यानंतर कोणा फर्मने तुमच्यासाठी एच-१बी प्रायोजित करायला हवा, आणि तो चिठ्ठ्या टाकून मिळतो. ६५ लाखांच्या कर्जाचा हप्ता चिठ्ठीच्या भरवशावर फेडायचा, हे मला पटत नाही.

एलएल.एम. निरुपयोगी असते, असे मात्र म्हणत नाही. चांगल्या लॉ स्कूलमध्ये घालवलेले वर्ष माणसाची विचार करण्याची पद्धत बदलते, ओळखी होतात आणि परदेशी वकिलाकडे पाहणाऱ्या फर्मना तेवढाच एक परिचित शिक्का दिसतो. न्यूयॉर्क शहरातील मोठ्या खाजगी विद्यापीठांत नुसती फीच ८० हजार डॉलरच्या घरात जाते. ज्याला शिष्यवृत्ती मिळते किंवा ज्याला करार, लवाद, कर अशा विषयात खोलवर जायचे आहे, त्याने अवश्य जावे. केवळ परीक्षेचे तिकीट म्हणून ते विकत घेऊ नये, एवढेच.

आता लंडन. माझा कल तुमच्या बाबतीत स्पष्टपणे इकडे आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा आणि त्यांची कागदपत्रे पाहणारा वकील, होण्यासाठी १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजेच एसक्यूई, ही एकच सामाईक परीक्षा आहे. तिथल्या विद्यार्थ्यालाही तीच आणि तुम्हालाही तीच. नवख्या उमेदवाराला तिच्या जोडीला दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव लागतो, पण दुसऱ्या देशात सनद घेतलेल्या वकिलाला त्यातून सूट आहे. एलएल.एम.ची तर अटच नाही. तुमच्याकडे सनद आहे, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे नाशिकमध्ये बसून जे मिळवण्यासारखे होते ते तुम्ही मिळवलेलेच आहे. परीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात दोन वेगळ्या दिवशी प्रत्येकी १८० असे ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात. हा टप्पा भारतासह अनेक देशांतील पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर देता येतो, म्हणजे पतीच्या बदलीचा आदेश निघण्याआधीच तुम्ही तो पार पाडू शकता. दुसऱ्या टप्प्यात मुलाखत, युक्तिवाद, कागदपत्रांचा मसुदा, संशोधन अशी १६ प्रात्यक्षिके असतात. त्यांपैकी १२ लेखी आणि चार तोंडी, आणि तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्येच द्यावा लागतो. दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, तयारीचा वर्ग लावल्यास तो खर्च वेगळा. तरीही हा आकडा तुमच्या प्लॉटपर्यंत पोहोचत नाही.

परीक्षा सोपी आहे, असा अर्थ कृपया काढू नये. पहिल्या टप्प्यात बसणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा नापास होतो, आणि प्रत्येक टप्प्यासाठी सहा वर्षांत तीनच संधी मिळतात. आपल्याकडच्या वकिलाला करार, अपकृत्य आणि फौजदारी तत्त्वे ओळखीची वाटतात, कारण आपला १८७२ चा करार कायदा इंग्लिश तत्त्वांवरच बांधलेला आहे, आणि याच ओळखीमुळे तो गाफील राहतो. तुमची खरी कसोटी जमीन, विश्वस्त व्यवस्था, मृत्युपत्र आणि सॉलिसिटरच्या हिशेबांचे नियम या विषयांत लागेल. तुम्ही दोन वर्षे सातबारा आणि फेरफार पाहत आला आहात. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, म्हणून आपण तीस वर्षांचा शोध काढतो, जुनी खरेदीखते मागवतो आणि तरीही मनात धाकधूक ठेवतो. इंग्लंडमध्ये नोंदणी झालेल्या जमिनीबाबत २००२ च्या कायद्याप्रमाणे नोंदवहीतील नोंद हीच मालकी असते, आणि तिथला प्रश्न असा असतो, की नोंदवहीत नसूनही खरेदीदाराला बांधील ठरणारे हक्क कोणते. नाशिकच्या सवयीने तुम्ही खताच्या साखळीकडे पाहाल आणि उत्तर दुसऱ्याच पर्यायात असेल. या विषयांना जास्त महिने द्यावेत आणि उजळणी वाचून नव्हे, तर प्रश्न सोडवून करावी. दिवसभर तारखा सांभाळून हे जमवायचे, तर वर्ष सहज जाईल असे धरून चालावे. अनुभवी परदेशी वकिलाला दुसऱ्या टप्प्यातून सूट मागण्याची तरतूदही आहे. अर्ज करायला हरकत नाही, पण सगळे नियोजन त्या आशेवर उभे करू नये.

व्हिसाच्या दृष्टीने इथे फरक पडतो. पती स्किल्ड वर्कर व्हिसावर किंवा कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये गेले आणि तुम्ही अवलंबित म्हणून गेलात, तर तुम्हाला नोकरी करण्याची मुभा असते आणि त्यासाठी कोणा फर्मच्या प्रायोजकत्वाची वाट पाहावी लागत नाही. मालकाच्या दृष्टीनेही तुम्ही बिनत्रासाच्या उमेदवार ठरता. शिवाय सनद हाती येईपर्यंत रिकामे बसावे लागत नाही. इंग्लंडच्या २००७ च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याने न्यायालयात बाजू मांडणे, दावा चालवणे, मालमत्ता हस्तांतराचे दस्त करणे अशी मोजकीच कामे परवानाधारकांसाठी राखून ठेवली आहेत. त्याबाहेरचे काम, म्हणजे कागदपत्रांचा मसुदा, संशोधन, करारांची छाननी, पॅरालीगल, म्हणजे सनद नसलेला कायदा सहायक, म्हणून करता येते. स्वतःला सॉलिसिटर म्हणवून घेणे मात्र सनदेआधी गुन्हा आहे. अमेरिकेत अनधिकृत वकिलीचे नियम याहून कडक आहेत.

लंडनमधील नोकरीचे चित्र गुलाबी नाही, हेही सांगायला हवे. मोठ्या फर्म आपले प्रशिक्षणार्थी दोन-दोन वर्षे आधी विद्यापीठांतून निवडून ठेवतात, आणि तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या नाशिकच्या वकिलाला त्यात शिरणे कठीण जाते. तुमची जागा मला मध्यम आणि लहान फर्ममध्ये दिसते. साउथॉल, वेम्बली, हॅरो या भागांत आणि लंडनबाहेर लेस्टरमध्ये भारतीय कुटुंबांची जमीन, वारसा आणि इमिग्रेशनची कामे करणाऱ्या फर्म आहेत, आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी-गुजराती कुटुंबांच्या भारतातील मिळकतींचे प्रश्न संपलेले नाहीत. वाटणीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, असा माणूस तिथे रोज भेटत नाही. सुरुवातीला पगार पतीच्या पगारापुढे अगदीच किरकोळ वाटेल. घरात त्यावरून कोणी काही बोलण्याआधीच तुम्ही दोघांनी हे बोलून घ्यावे.

परिस्थितीने न्यू जर्सीच पदरात पडली, तर तेथे जाण्याआधी नाशिकची वकिली आणखी एक वर्ष चालू ठेवता आली तर ठेवा. कारण न्यूयॉर्कमध्ये परदेशी कायद्याचा सल्लागार म्हणून, बार परीक्षा न देता, आपल्या देशाच्या कायद्याविषयी सल्ला देण्याचा वेगळा परवाना मिळतो आणि त्यासाठी अर्जाच्या लगत आधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे प्रत्यक्ष वकिली केलेली असावी लागते. तुमची दोन झाली आहेत. अमेरिकी कायद्यावर सल्ला देण्याची मुभा त्यात नाही, पण अनिवासी भारतीयांच्या मिळकतींचे काम करणाऱ्याला तेवढेही पुरते.

मामेभावाचे म्हणणे थोडक्यात निकालात काढतो. कॅनडात प्रथम नॅशनल कमिटी ऑन अॅक्रेडिटेशनकडून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि ती समिती सांगेल तेवढ्या कॅनडियन विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. घटना कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक नीती हे त्यांतले नेहमीचे. त्यानंतर ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा आणि आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. मार्ग सुसूत्र आणि तुलनेने स्वस्त आहे, पण आर्टिकलिंगची जागा मिळवणे ही परदेशी पदवीधराची जुनी डोकेदुखी आहे. मुख्य म्हणजे, पतीची बदली जर टोरांटोला होणारच नसेल, तर ही चर्चा तुम्ही त्याच्याशी फोनवर करा, माझ्याशी नको.

धाकट्या बहिणीला मात्र वेळीच थांबवा, निदान विचार करायला लावा. इंग्लंडमध्ये बारावीनंतर तीन वर्षांत एलएल.बी. होते, आणि तिला कायमचे तिकडेच राहायचे असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु परत येऊन इथे वकिली करायची वेळ आली, तर त्या विद्यापीठाच्या पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असावी लागते आणि त्यावर पात्रता परीक्षा द्यावी लागते. शिवाय आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे असे गणित असल्यामुळे बारावीनंतरच्या नुसत्या तीन वर्षांच्या पदवीला इथे अडचण येते. म्हणजे तुमची कटकट ती उलट्या दिशेने करील. सीईटी देऊन इथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, सनद घ्यावी आणि मग तुम्ही चाचपलेल्या वाटेने यावे, हे तिला जास्त सोयीचे जाईल.

नाशिक सोडण्यापूर्वीची कामे सांगतो. तुम्ही स्वतः उभ्या राहिलात अशा प्रकरणांची यादी करा. वकीलपत्रावर तुमची सही आहे, रोजनाम्यात किंवा ई-कोर्टवरील आदेशात तुमची हजेरी नोंदली आहे, अशांच्या प्रती काढून ठेवा. दोन वर्षे वकिली केली, हे म्हणणे एक आणि दाखवणे दुसरे, हे तुम्हाला सांगायला नको. बार कौन्सिलकडून सनद चालू असल्याचे आणि तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई नसल्याचे प्रमाणपत्र घ्या. हे प्रमाणपत्र ताजे मागतात, त्यामुळे ते फार आधी काढून ठेवण्यात लाभ नाही, मुंबईच्या कार्यालयात कोणाकडे पाठपुरावा करायचा तेवढे पाहून ठेवा. आणि परदेशात पगारी पूर्णवेळ नोकरी स्वीकारलीत, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे तसे कळवून इथली वकिली स्थगित करावी लागते. अनेक जण हे करत नाहीत आणि तिकडच्या चारित्र्य तपासणीच्या अर्जात सनद चालू आहे म्हणून लिहितात. तुमचा अर्ज ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी दोन्हीकडच्या नोंदी एकच गोष्ट सांगत असल्या पाहिजेत, म्हणून ते स्थगितीचे पत्र पोचपावतीसह स्वतःजवळ ठेवा.